मी ‘हो’ म्हणालो त्याचा खुलासा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (इतक्या लांबून धपाटा घालायची सोय नाही, हे पाहूनच साष्टांग घातला आहे.) इकडे सगळे ठीक. हिची सर्दी गेली, माझी आली. घरातली सर्दी घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं आमचं चाललं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तू जाताना सगळ्या गल्लीला सांगितलंस, की गुडघे धरलेत म्हणून लेकीकडे हवापालटाला चालले आहे. पण ज्या वेगानं तू बॅग घेऊन जिना उतरलीस, तो पाहून दुखणं गुडघ्यात नाही हे खालच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा कळलं. असो. भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार, आणि तुझ्या नातीला माझ्याकडून एक पापा. तिच्या खेळण्यातली आगगाडी पुन्हा बंद पडली असेल तर पाठवून दे, बघतो.

पत्र लिहायचं कारण म्हणजे फोन तू उचलत नाहीस. म्हणजे उचलतेस, पण माझा आवाज ऐकून ‘राँग नंबर आहे रे गाढवा’ म्हणून ठेवून देतेस. राँग नंबरवाल्याला गाढव कोण म्हणतं, ताई? तेव्हा म्हटलं, लिहावं. पत्राला मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू फुकट काही फाडणारी नव्हेस. निदान पाठकोऱ्या बाजूसाठी तरी ठेवशील, आणि ठेवलंस की वाचशीलच.

माझ्यावर आरोप असा आहे, की मी सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढला. म्हणजे दाजींना मिळायचं नगरपालिकेचं तिकीट मी, एका पंखे-मिक्सर दुरुस्त करणाऱ्यानं, मधल्यामधे लाटलं. गल्लीत लोक माझ्याकडे आता बघतात ते फार आदरानं बघतात. ‘दिसतो गरीब, पण आतल्या गाठीचा निघाला,’ असं परवा एक जण दुसऱ्याला माझ्यासमोरच म्हणाला. माझ्याबद्दल इतकं चांगलं मत आजवर कुणाचंच नव्हतं. तर आता झालं काय ते पहिल्यापासून सांगतो. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण ते तू दाजींकडून ऐकलेलं आहेस, आणि दाजी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे प्रत्येक गोष्ट मोजून, जितकी द्यायची तितकीच देतात.

मुळात मी पक्षाच्या वॉर्ड समितीत शिरलो तोच पंख्यामुळे. समितीची खोली अध्यक्षांच्या फर्निचरच्या दुकानावर आहे, हे तुला ठाऊक आहे. पण ती आतून कशी आहे ते तुला ठाऊक नाही. (हे मी का म्हणतोय ते पुढे येईल.) तिथं समितीच्या मालकीची एकही खुर्ची नाही. सगळ्या खुर्च्या खालच्या दुकानातल्या विक्रीच्या. त्यांचं प्लास्टिकचं वेष्टण काढायचं नाही, त्यामुळे कुणी जरा हललं की सगळी समिती कुरकुरते. बैठक चालू असताना गिऱ्हाईक वर येतं, खुर्च्यांवरून हात फिरवतं, आणि पसंत पडली तर तिच्यावरचा सभासद उठवून खुर्ची घेऊन जातं. मागे आमचे खजिनदार शहराच्या विकासावर बोलत असताना त्यांच्या खालची खुर्ची विकली गेली. त्यांनी उरलेलं भाषण उभ्यानं केलं, आणि सगळ्यांच्या मते ते त्यांचं आजवरचं सगळ्यात जोरकस भाषण होतं.

तर या खोलीतला पंखा दुरुस्त करायला दाजींनी मला बोलावलं. मी पंखा केला, वारा कुठवर लागतो ते बघायला म्हणून एका खुर्चीत बसलो, आणि तेवढ्यात बैठक सुरू झाली. अध्यक्षांनी माणसं मोजली. सभेला लागतात तितकी भरत नव्हती. मला धरून भरली. मी उठायला लागलो तर दाजी म्हणाले, बस रे, वारा खा. तो वारा मी गेली कित्येक वर्षं खातो आहे. कुणी मला सभासद केलं नाही, मी कधी झालो नाही. फक्त उठलो नाही.

समितीत माझ्याशिवाय जी माणसं आहेत त्यांतली तुला तिघं कळली तरी पुरे. एक आपले अध्यक्ष, फर्निचरवाले. त्यांना सगळे मागून ‘एकमत’ म्हणतात. त्यांच्या कारकिर्दीत आजवर एकही ठराव बहुमतानं झालेला नाही, सगळे एकमतानं. त्यासाठी आमच्याकडे विरोध करायची एक सभ्य रीत आहे. ज्याला ठराव पसंत नसेल त्यानं ‘जरा फोन आलाय’ म्हणून जिन्यात जायचं आणि टाळ्या वाजल्या की परत यायचं. कधीकधी जिन्यात इतकी गर्दी होते, की आतले लोक एकमतानं ठराव करायला कमी पडतात. दुसऱ्या चिटणीस, शिवणक्लासवाल्या बाई. त्या बैठकीत काज-बटणं करत असतात आणि कुणी फार लांबण लावली की दातानं दोरा तोडतात. तो आवाज ऐकून माणूस आपोआप समारोपाला येतो. तिसरे दाजी. दाजींना तिथं कुणी दाजी म्हणत नाही. गेल्या तीन निवडणुकांपासून त्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर ‘भावी नगरसेवक’ असं छापून येतं, म्हणून सगळे त्यांना ‘भावी’ म्हणतात. ‘भावी आले का?’ ‘भावींना चहा द्या.’ त्यांनाही त्याची इतकी सवय झाली आहे, की परवा टपालवाल्यानं खरं नाव वाचून हाक मारली तर त्यांनी मागे वळून पाहिलं, की हा कुणाला बोलावतोय.

चहा मात्र तुझा. दर बैठकीला तुझे दोन थर्मास जिन्याच्या पायथ्याशी येतात, आणि आम्ही वर पितो. तुझ्या दवाखान्याचा ठरावही आम्ही दर बैठकीला तुझ्या चहावरच करतो. ‘पालिकेचा दवाखाना दुपारी बंद होतो तो संध्याकाळीही उघडा राहावा’ हा ठराव इतक्यांदा एकमतानं झाला आहे, की आता अध्यक्ष तो वाचतही नाहीत, ‘नेहमीचा’ एवढंच म्हणतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. दवाखाना दुपारीच बंद होतो. संध्याकाळी ज्याला ताप भरतो तो तुझ्या दाराशी येतो, आणि तू नर्सच्या नोकरीतून सुटून इतकी वर्षं झाली तरी चपला घालतेस आणि जातेस.

आता मुख्य मुद्दा, तिकिटाचा. आमच्यात उमेदवार ठरवायची एक पद्धत आहे. खऱ्या उमेदवाराचं नाव आधी घ्यायचं नसतं. ते हावरटपणाचं दिसतं. म्हणून आधी भलत्याच एका माणसाचं नाव सुचवायचं. त्यानं ‘मी लहान माणूस’ म्हणून नकार द्यायचा. मग त्याला पुन्हा विचारायचं. त्यानं ‘माझ्यापेक्षा योग्य माणसं इथं बसली आहेत’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की त्यानं उठून, हात जोडून, खऱ्या उमेदवाराचं नाव सुचवायचं. मग खऱ्यानं दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘पक्षाची आज्ञा असेल तर’ म्हणायचं. अशा रीतीनं कुणालाच काही नको असताना एकाला तिकीट मिळतं. मला यात काही वावगं वाटत नाही. जेवायला बसताना आपण ‘पुरे पुरे’ म्हणतोच की.

यंदा आधी नकार द्यायला कुणी तरी हवं होतं, आणि दाजींनी माझं नाव सुचवलं. दाजी स्वतः दुकानात आले, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘घरातलाच माणूस बरा. फक्त तीनदा नाही म्हणायचंय.’ मी म्हटलं, त्यात काय! घरी आल्यावर हिच्यासमोर तालीम केली. ही भाजी चिरत होती. हिनं विचारलं, ‘तुम्ही उभे राहाल का?’ मी म्हटलं, ‘मी लहान माणूस.’ ही म्हणाली, ‘ते दिसतंच आहे, पण उभे राहाल का? वरचा डबा काढायचाय.’ मी उभा राहिलो आणि डबा काढून दिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हे आपलं काम नव्हे. ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. माझ्या दुकानात इतकी बिघडलेली यंत्रं साठली आहेत ती काही माझ्या कसबामुळे नव्हे. जे दुरुस्त होणं शक्य नाही तेसुद्धा मी ठेवून घेतो म्हणून. एक बाई टोस्टर म्हणून चक्क बूट ठेवायचा खोका देऊन गेल्या होत्या. तोही मी ‘बघतो’ म्हणून घेतला.

तरीही मी त्या संध्याकाळी नाही म्हणालो असतो. खरंच म्हणालो असतो. ओठांवर होतं. पण अध्यक्षांनी एक घोटाळा केला. पद्धत अशी, की ज्याला नुसता नकारच द्यायचा आहे त्याची आधी तोंडभर स्तुती करायची. पुढे मिळणार काही नाही, निदान स्तुती तरी मिळावी. एकमत उठले. पंखा उत्तम चालला होता (माझंच काम). ते म्हणाले, ‘हे असं घर आहे, की वॉर्डातलं कुठलंही दार यांना परकं नाही. कुणाच्या घरी दुखणं आलं तर हे वेळ-काळ पाहत नाहीत. यांच्यासमोर लहान-मोठा कुणी खोटं बोलायला धजत नाही. हे तोंडावर बोलतात, पण माणूस बरा होईपर्यंत पाठ सोडत नाहीत.’ असं ते बोलतच राहिले. बाईंनी दोरा तोडला नाही. कुणी जिन्यात गेलं नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि मला वाटत होतं, काय माणूस आहे हा! कधी तरी भेटलं पाहिजे याला.

ताई, माझी आजवर कुणी स्तुती केलेली नाही. वडील मला ‘हा’ म्हणायचे. शाळेत मास्तर माझं नाव फक्त गैरहजर असताना घ्यायचे. ही माझ्या स्वयंपाकाबद्दल एकदा ‘खाण्यासारखा आहे’ म्हणाली होती, ती आजवरची कमाई. आणि इथं भरल्या खोलीत, नव्या कोऱ्या खुर्च्यांवर बसलेली माणसं माझ्यासाठी माना डोलावत होती. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं. एकमतनी वाकून विचारलं, ‘मग, आपण उभे राहाल ना?’ आणि मी ‘हो’ म्हणालो.

नुसतं ‘हो’ नव्हे. ‘हो, राहीन की,’ असं म्हणालो.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याच्या बेअरिंगला किंचित तेल हवं आहे हेही माझ्या लक्षात आलं. अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारायला म्हणून आ केला होता, पण हो म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा काय विचारायचं, याची पद्धतच नव्हती. बाईंच्या बोटात सुई टोचली. आमच्या समितीत विरोध कसा करायचा ते कुणाला येतच नव्हतं. जिन्यात जायला हवं होतं, पण त्यासाठी आधी फोन येणं भाग होतं, आणि सगळ्यांना एकाच वेळी फोन कसा येणार? तेवढ्यात कुणी तरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. मी एकमतानं उमेदवार झालो. पहिली टाळी कुणाची होती माहीत आहे? दाजींची. मला तेव्हा वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! कुशीतलं मूल काढून घेतलं तरी टाळ्या वाजवतोय. मी घरी येऊन हिच्यासमोर रडलो. ही म्हणाली, ‘आता तरी त्या बूट ठेवायच्या खोक्याचं काही करा.’

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. (विचारणार नाहीसच, तू फोन उचलत नाहीस.) दाजींचे फलक आधीच छापून झाले होते. ते वाया घालवायचे नाहीत म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर माझा चेहरा चिकटवला. त्यामुळे चौकात आता एक माणूस उभा आहे ज्याचं डोकं माझं आहे, पण पोट, कोट आणि आत्मविश्वासानं वर केलेला हात दाजींचा आहे. फलकावरचं ‘भावी’ बाईंनी खोडायला सांगितलं, पण रंगाऱ्यानं चुकून खालचं ‘नगरसेवक’ खोडलं. त्यामुळे मी आता नुसताच भावी आहे.

घरोघर मतं मागायला गेलो. मी जिथं गेलो तिथून काही ना काही घेऊन आलो. म्हणजे लोक म्हणाले, ‘आलाच आहात तर हा मिक्सर बघा.’ मला नाही म्हणता येत नाही. पहिल्या फेरीत मतं किती मिळाली माहीत नाही, पण मिक्सर, इस्त्र्या आणि एक शिवणयंत्र असं हातगाडीभर सामान मिळालं. आणि प्रत्येक घरी, ताई, अगदी प्रत्येक घरी दार उघडलं की पहिला प्रश्न एकच: ‘ताई कधी येणार?’ एक म्हातारबाबा तर दारातच बाही वर करून उभे राहिले. त्यांना वाटलं, तू इंजेक्शनसाठी मला पाठवलंस. मी म्हटलं, मी मत मागायला आलोय. ते म्हणाले, ‘मत कुणाला द्यायचं ते ताईंना विचारून सांगतो.’ एक आई मूल काखेत घेऊन म्हणाली, संध्याकाळी याला भरून ताप येतो, दवाखान्याला कुलूप, आणि ताईही नाहीत. मी तिला म्हटलं, आमचा ठराव झालेला आहे. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला आपली ती टाळ्या वाजवणारी खोली आठवली आणि शरम वाटली. मग मी तिच्याकडची बिघडलेली किटली घेऊन परत आलो.

आता दाजींबद्दल. ते मला तोंड दाखवत नव्हते. मी समजून होतो. तीन निवडणुकांचा भावी, आणि सख्ख्या मेव्हण्यानं असा दगा दिला! मग परवा दुपारी ते अचानक दुकानात आले. हातात इस्त्री. म्हणाले, ‘तापत नाही.’ मी लावून पाहिली, तर चांगली कडक तापली, माझं बोट भाजलं. मी म्हटलं, दाजी, ही ठीक आहे. ते म्हणाले, ‘हो, ठीक आहे.’ आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, ‘तुला राग आलाय का माझा?’ मी इस्त्रीचं बटण बंद केलं. राग मला? मग ते मोजून-मापून, एकेक शब्द तराजूत टाकत जे बोलले ते असं, की त्यांना उभं राहायचंच नव्हतं. कधीच नव्हतं. व्यासपीठावर चढायच्या नुसत्या विचारानं त्यांच्या पोटात गोळा येतो. पहिल्या निवडणुकीला त्यांची पाठ धरली ती खरी नव्हती. दुसऱ्या वेळी एका तरुण वकिलाला तिकीट सोडून त्यांनी जो त्याग केला, ज्याचं कौतुक अजून होतं, तो त्याग नव्हता, भीती होती. ती तीनदा नाही म्हणायची सुंदर पद्धत, ती दाजींनीच समितीत आणली, कारण तीत माणसाला पळायला तीन वाटा राहतात. पण यंदा सगळे इतके मागे लागले होते, की तिसऱ्यांदा ‘पक्षाची आज्ञा’ निश्चित अंगावर येणार होती. म्हणून त्यांनी नकार द्यायला सबंध वॉर्डातून असा एकच माणूस शोधला, ज्याला नकार देता येत नाही. ‘तू एकमतची स्तुती ऐकून विरघळशील हे मला ठाऊक होतं,’ ते म्हणाले. ‘फक्त पहिल्याच फेरीत विरघळशील असं वाटलं नव्हतं.’

मला राग यायला हवा होता. पण ते इतके केविलवाणे होऊन बसले होते, की मी त्यांना चहा मागवला. (नेहमीचा नव्हे. तुझ्याशिवाय चहा कसला? पांढरं पाणी.) मी म्हटलं, मग ताई का गेली? ती तर मी तुमचं तिकीट पळवलं म्हणून रागावली ना? दाजी म्हणाले, नाही. त्या संध्याकाळी तू कुणाला तरी सुई टोचून घरी आलीस, दाजींनी पडेल चेहऱ्यानं तुला बातमी सांगितली, आणि तू थर्मास हातात धरून म्हणालीस, ‘निदान कुणी तरी हो म्हणालं.’ मग म्हणालीस, ‘इतकी वर्षं तुम्ही वर बसून नाही म्हणता आणि मी खालून चहा पाठवते. मला वर ये असं कधी कुणी म्हटलं नाही.’ आणि बॅग भरायला घेतलीस. दाजी हे सांगताना इस्त्रीची वायर बोटाला गुंडाळत होते. त्यांनी ती इतकी गुंडाळली, की शेवटी ती खरंच तुटली.

तेव्हापासून माझ्या कामात लक्ष लागत नाही. एवढंच सांगायचं होतं. राग शांत झाला असेल तर दोन ओळी लिही, नसेल तरी लिही. तुझ्या शिव्यासुद्धा पांढऱ्या पाण्यापेक्षा बऱ्या. गुडघ्यांना शेक दे. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि यात कोण कुठं बसतं ते तूच ठरव.

तुझा (अजून तरी),
धाकटा

ता. क. हे पत्र टपालानं येत नाहीये, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल, कारण ते आणणारा तुझ्यासमोर दारात चपला काढून उभा असेल. त्यांना आत घे. हे सगळं तुला त्यांनीच सांगायचं होतं, पण तुझ्यासमोर त्यांच्या पोटात व्यासपीठावरचा गोळा येतो, म्हणून मला लिहायला बसवलं. हे पत्र त्यांनी वाचलेलं नाही. (वाचलेलं आहे. पोटाचा उल्लेख गाळ म्हणत होते, मी गाळला नाही. हे माझं आयुष्यातलं पहिलं ‘नाही’.)

आणखी एक ता. क. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात परतीची दोन तिकिटं आहेत, गाडीची. येत्या शुक्रवारी बैठक आहे. त्यानंतर वॉर्डाच्या उमेदवाराचं नाव वर पक्षाला कळवायचं, मग बदल नाही. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, की उमेदवारानं स्वतःच दुसरं नाव सुचवलं तर त्याला त्याग म्हणतात, आणि त्यागाच्या वेळी कुणाला जिन्यात जाता येत नाही. तर मी तुझं नाव सुचवणार आहे. बाईंना आधी विचारलं. त्यांनी दातानं दोरा तोडला आणि म्हणाल्या, ‘हे इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही?’ तुझ्यासाठी खालून चांगली भक्कम खुर्ची वर आणवली आहे, तिचं प्लास्टिक मी स्वतः काढलं. दवाखान्याचा ठराव तू आलीस की ‘नेहमीचा’ म्हणून उरकायची कुणाची छाती आहे, तेही बघून घेऊ.

शेवटचा ता. क. माझ्या प्रतापानंतर समितीनं पद्धत बदलली आहे, एकमतानं. आता कुणाचीही आधी स्तुती करायची नाही, आणि तीनदा नव्हे, एकदाच विचारायचं. म्हणजे तू सवयीनं ‘छे, मी कशाला’ म्हणालीस, तर संपलं. पुढे मी आहे आणि माझी ती हातगाडी आहे. स्तुती होणार नाही म्हणून इथंच सांगून ठेवतो. वॉर्डातलं कुठलंही दार परकं नाही, दुखणं आलं तर वेळ-काळ पाहत नाही, समोर खोटं बोलायला कुणी धजत नाही, माणूस बरा होईपर्यंत पाठ सोडत नाही. ताई, त्या संध्याकाळी मी ऐकत होतो आणि ओळखीचं वाटत होतं, पण कोण ते कळेना. सगळी तुझीच स्तुती होती ती. त्यांना घर बरोबर आठवलं, फक्त माणूस चुकला, आणि मी मधेच ‘हो’ म्हणून बसलो. ते ‘हो’ तुझं आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं असं समज. येऊन घेऊन जा.